दुसऱ्या पाळीचा स्वेटर

खडकी बाजारातल्या अस्लमच्या दुकानात रेक्झिनचा वास असतो. स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवायचं त्याचं दुकान आहे. त्या वासाला बाजूला सारून डांबरगोळ्यांचा वास माझ्यापर्यंत आला, तेव्हाच मला कळायला हवं होतं की त्या कापडी पिशवीत काय आहे. पण मी चहा पीत होतो आणि रस्त्यावरच्या रिक्षा बघत होतो.

"दादा, घर बदलतोय," अस्लम म्हणाला. "पोरगा ऐकत नाही, मोठं घर पाहिजे त्याला. पेटी उपसली तर हे खालून निघालं. बायको म्हणते टाकून देऊ का. म्हटलं, येडी आहेस का तू, मिल्याचा आहे तो."

त्याने पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. मी आत हात घातला आणि बोटांना लोकर लागली. बाहेर काढायच्या आधीच मला रंग कळला होता. विटकरी. छातीवर पांढऱ्या लोकरीचा एक पट्टा, आणि गळ्यापाशी एक टाका चुकलेला, तिथे नखाएवढी खळी पडलेली.

"मावशींनी दिला होता मला. तो गेला तेव्हा," अस्लम म्हणाला. माझ्या आईला तो मावशी म्हणतो. "दोनेक हिवाळे घातला मी. मग हे आलं." त्याने आपल्या पोटावर थाप मारली. "त्या लग्नात तुम्ही म्हणाला होता ना, मावशी सारखं म्हणतात, त्याचं काही राहिलं नाही घरात. तेव्हापासून डोक्यात होतं माझ्या. म्हटलं कुठंतरी आहे. घेऊन जा."

मिलिंद माझा धाकटा भाऊ. गेला तेव्हा सतरा वर्षांचा होता, आणि त्याला जाऊन आता तीस वर्षं होऊन गेली. त्याचा म्हणून तो स्वेटर मी हातात घेतला, आणि त्या क्षणी मला जे वाटलं ते सांगायला मला लाज वाटते. मला रडू आलं नाही. मला वाटलं, हा तर माझा आहे.

अगदी असंच. शाळेत कुणी आपली पेन्सिल घेतली की पोराला वाटतं, तसं. पन्नाशी उलटलेला माणूस मी, दारावरच्या पाटीत नावापुढे पदवी लावलेला. आमच्या घराण्यात पहिली पदवी माझी, आणि ती पाटी मी मुद्दाम पितळेची करून घेतली आहे, हे मी लपवत नाही. त्या माणसाच्या मनात मेलेल्या भावाच्या स्वेटरबद्दल असं यावं.

"त्याचाच आहे ना?" अस्लमने विचारलं. माझं तोंड बघून त्याला शंका आली असावी.

"त्याचाच," मी म्हणालो. "संध्याकाळी घालायचा."

"तेच तर. ग्राउंडवर येताना घालून यायचा आणि गोलपोस्टला टांगायचा. आम्ही म्हणायचो, ए, तुझा स्वेटर जास्त गोल अडवतो तुझ्यापेक्षा."

अस्लम हसला. मीही हसलो. मग पिशवी काखेत धरून मी बाहेर पडलो, आणि बस स्टॉपकडे न जाता पाय आपोआप क्वार्टर्सकडे वळले.

आमचे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, दारूगोळा कारखान्यात कामगार होते. क्वार्टर म्हणजे दीड खोली, मागे न्हाणी, पुढे ओटा, आणि ओट्याच्या दोन खांबांना बांधलेली तार. ती तार अजून आहे. त्या घरात आता कोण राहतं मला माहीत नाही, पण तारेवर लहान पोराची चड्डी, बाईचा गाऊन आणि एक टॉवेल वाळत होता. मी समोरच्या चिंचेखाली थोडा वेळ उभा राहिलो. आमचं सगळं आयुष्य त्या तारेवरून गेलं, असं मला वाटलं. आधी माझ्या अंगावरून, मग तारेवरून, मग मिलिंदच्या अंगावर.

थोरल्याचे कपडे धाकट्याला हे काही आमच्याच घरात नव्हतं. पण आमच्याकडे त्याची एक रीत होती. शाळा सुरू व्हायच्या आधीच्या रविवारी आई पत्र्याची पेटी ओट्यावर काढायची. आत कडुनिंबाचा पाला असायचा, वाळून भुगा झालेला. आई मला उभं करायची, शर्ट अंगाला लावायची, खांद्याची शिवण बघायची आणि निकाल द्यायची, "झाला तुला हा. दे त्याला." मिलिंद पायरीवर बसून वाट बघत असायचा. निकाल लागला की शर्ट उचलायचा, अंगात घालायचा, आणि बटणं लावता लावता वाकून बाही हुंगायचा.

"काय हुंगतोस रे?" आई विचारायची.

"दादा आहे का गेला ते बघतो."

गणवेश, चड्डी, पट्टा, दप्तर, पावसाळी चपला. सगळं त्याच वाटेने त्याच्याकडे जायचं. कॉलरच्या आत आईने निळ्या दोऱ्याने माझ्या नावाचं अक्षर काढलेलं असायचं, क्वार्टर्सच्या सार्वजनिक नळावर कपड्यांची अदलाबदल व्हायची म्हणून. ते अक्षर उसवायचं कुणाच्या लक्षात राहायचं नाही. त्यामुळे मिलिंद शाळेत माझ्या नावाचं अक्षर मानेशी घेऊन बसायचा. एका मास्तरांनी त्याला विचारलंही होतं, हे कुणाचं? तो म्हणाला, "मालकाचं. मी भाडेकरू." मास्तर पुणेरीच होते, ते म्हणाले, "भाडं थकवू नकोस मग." हे त्याने घरी येऊन दोन्ही आवाजांत करून दाखवलं होतं. मास्तरांचा आवाज तो असा काढायचा की अण्णा जेवता जेवता उठून दार बघायचे.

त्याला कपड्यांचं वाईट वाटायचं का? मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि त्या वयात असं कुणी विचारत नाही. तो फक्त लक्ष ठेवून असायचा. मला एखादा शर्ट नवीन आला की तो पाठीमागून फिरून बघायचा, हात लावून बघायचा आणि म्हणायचा, "चांगला आहे. नीट वापर. बाहीला तेल लावू नको, पुढे मला लागणार आहे." मी झाडावर चढलो की खालून ओरडायचा, "दादा, शर्ट जप." मी पडेन याची काळजी नाही, शर्टाची. एकदा एका चौकड्याच्या शर्टावर त्याचा फार जीव होता, आणि मी त्या वर्षी काही वाढेना. रोज सकाळी तो मला दाराच्या चौकटीला उभं करून बघायचा. शेवटी वैतागून म्हणाला, "तू जरा भराभर वाढ ना. माझं अडलंय."

मग तोच वाढला. चौदाव्या-पंधराव्या वर्षी असा वाढला की माझ्याही वर चार बोटं गेला. माझ्या पँटी त्याला घोट्यावर यायला लागल्या. आईने सगळ्या मुडपी सोडल्या, आणि जिथे आधी मुडप होती तिथे गडद रेघ दिसायला लागली, जुन्या पुराची खूण भिंतीवर राहते तशी. ती रेघ पायाभोवती घेऊन तो खडकीभर फिरायचा. पोरं चिडवायची. तो म्हणायचा, "खाली हवा खेळती राहते."

खरं म्हणजे तेव्हा त्याला नवीन घ्यायला हवं होतं. पण तेव्हाच मी कॉलेजात गेलो.

मी कॉलेजात गेलो हे आमच्या क्वार्टरमध्ये घडलं, म्हणजे काय घडलं, हे आता कुणाला सांगून कळणार नाही. अण्णांनी कारखान्यात पेढे वाटले. बुद्धविहारात माझं नाव पुकारलं गेलं आणि मी उठून हात जोडले. शेजारच्या काकू माझ्याशी 'अरे'वरून 'अहो'वर आल्या. अण्णा सातवी, आई चौथी, त्यांच्या मागे कुणीच नाही. घरात जो काही उजेड, जी काही साय, जो काही शांतपणा होता तो सगळा माझ्या टेबलाकडे सरकवला गेला. टेबल म्हणजे रेशनच्या खोक्यावर टाकलेली फळी. तिथे मी भिंतीकडे तोंड करून बसायचो. रेडिओ बंद व्हायचा. मिलिंद बाहेर ओट्यावर जेवायचा, कारण तो जेवताना गप्प बसू शकायचा नाही.

कॉलेज सकाळचं. थंडीच्या दिवसांत कॅन्टोन्मेंटच्या रस्त्यांवर धुकं असायचं, मोठाल्या वडांच्या पारंब्यांतून ठिबकायचं. लष्कराच्या मैदानावर बँडची तालीम चालायची, आणि धुक्यात माणसं दिसायची नाहीत, नुसता ढोल ऐकू यायचा. खडकी स्टेशनवर लोकलला उभं राहिलं की दात वाजायचे. म्हणून आईने मला स्वेटर विणला. तो हा.

कारखान्यात अण्णांच्या पाळ्या असायच्या. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी. भोंगा झाला की एक माणूस मशीनवरून उठायचा आणि दुसरा त्याच गरम स्टुलावर बसायचा. मिलिंदने स्वेटरचं तसंच करून टाकलं. सकाळी मी घालून जायचो. दुपारी परत आलो की तो दारातच हात पुढे करून उभा असायचा. "चला, पहिली पाळी सुटली. मशीन ताब्यात द्या." मी काढून द्यायचो. तो घालायचा, अंग आक्रसायचा, म्हणायचा, "गरम आहे अजून." मग तोच घालून शाळेत, ग्राउंडवर, शेकोटीला, क्वार्टर्समागच्या रुळांवर. रात्री तो खुंटीवर परत यायचा तेव्हा त्याला धुराचा, मातीचा आणि भाजलेल्या शेंगांचा वास असायचा. सकाळी तो वास अंगात घालून मी लोकलमध्ये चढायचो. कॉलेजातल्या मुलांना तो येऊ नये म्हणून मी दाराशी वाऱ्यावर उभा राहायचो.

म्हणून अस्लमला तो मिलिंदचा वाटतो. सगळ्या खडकीला तो मिलिंदचाच वाटत असणार. माझ्या अंगावर तो फक्त कॉलेजने बघितला होता.

एप्रिल लागला की सगळ्या क्वार्टर्सच्या तारा पांढऱ्या व्हायच्या. जयंतीला पांढरे कपडे घालायचे म्हणून आठवडाभर आधीपासून बाया शर्ट-साड्या उकळायच्या, नीळ द्यायच्या. साबणाच्या उकळत्या पाण्याचा तो वास मला अजून जयंतीचा वास वाटतो. मिलिंदला मिळालेला पांढरा शर्ट अर्थात माझा होता, आणि काखेत पिवळा पडलेला. एका वर्षी आई बाहेर गेलेली बघून त्याने ठरवलं की आपणच तो झकास पांढरा करायचा. नीळ बादलीत थेंबाथेंबाने घालायची असते. त्याने अर्धी बाटली ओतली. शर्ट बाहेर आला तो आभाळाच्या रंगाचा. आईने कपाळाला हात लावला. हा म्हणाला, "जयंतीला निळा चालत नाही असं कुणी सांगितलं? आपलाच रंग आहे की." आणि तोच घालून मिरवणुकीत सगळ्यांत पुढे नाचला. एवढ्या पांढऱ्या गर्दीत तो एकटा निळा. मी ओट्यावरून बघत होतो. परीक्षा होती माझी.

तो एकमेव शर्ट असा होता की ज्याला माझा म्हणता आलं नसतं. तो पुढे विटला, आणि आईने त्याचं फडकं केलं.

एका जानेवारीत मिलिंद गेला. काय झालं होतं, कुठे नेलं, डॉक्टर काय म्हणाले, ते मी एकदा लिहून बघितलं होतं. सगळं बरोबर लिहिलं होतं, पण त्यात तो कुठेच नव्हता. म्हणून ते इथे नाही.

मला आठवतो तो वास. अण्णा बाजारात जाऊन पांढरं कापड घेऊन आले. नवं कोरं, दुकानदाराने घातलेली घडी न मोडलेलं. ते उलगडलं तेव्हा खळीचा वास घरभर झाला. भन्तेजी त्रिशरण म्हणत होते, बाया रडत होत्या, आणि मी त्या कापडाकडे बघत राहिलो. मिलिंदसाठी म्हणून दुकानातून आलेलं, आधी माझ्या अंगाला न लागलेलं असं मला आठवणारं ते पहिलं कापड.

पुढे काही दिवसांनी आईने पेटी ओट्यावर काढली. वस्तीतल्या म्हाताऱ्या म्हणत होत्या, गेलेल्याचे कपडे घरात ठेवू नयेत. अण्णा त्यावर तापले. "आत्म्याबित्म्याचं मला सांगू नका. सोडून दिलं आपण ते सगळं," ते म्हणाले. मग जरा वेळाने म्हणाले, "पण कपडा आहे. पोरांना थंडी वाजतेय. घालू दे." आईने त्याच्या मित्रांना बोलावलं आणि एकेक कपडा एकेकाला दिला. पोरं अंगात घालून बघत होती. आई खांद्याची शिवण बघत होती, तशीच. "बसतोय तुला. ने." अस्लमला स्वेटर गेला. मला कुणी विचारलं नाही आणि मीही काही बोललो नाही. त्या हिवाळ्यात मला विकतचा घेतला, राखाडी.

त्यानंतर वर्षभर मी मिलिंदला बघत राहिलो. रेल्वे पुलावर पुढे चालणारा चौकड्याचा शर्ट. नळावर पाणी भरताना वाकलेली, रेघ पडलेली पँट. संध्याकाळी ग्राउंडवर विटकरी रंग धावायचा. दर वेळी काळजात एकदम काहीतरी उचललं जायचं आणि मग पोर मागे वळायचं, ते भलतंच असायचं. पण त्यातही एक गोष्ट होती, ती मी तेव्हा स्वतःलाही सांगितली नाही. ते सगळे कपडे आधी माझे होते. पोरांच्या अंगावर खडकीभर मीच फिरत होतो. मिलिंदचं म्हणून जे काही लोकांनी आठवणीला ठेवलं, ते माझं उतरलेलं होतं.

पुढे सगळं झालं. पदवी झाली, नोकरी झाली, अण्णा निवृत्त झाले, क्वार्टर सोडलं. मी धायरीला घर घेतलं. कुठे सत्काराला बोलावलं की मी भाषणात म्हणतो, आईवडिलांनी पोटाला चिमटा काढून शिकवलं. टाळ्या पडतात. खाली उतरताना मला दर वेळी माहीत असतं की त्या वाक्यात एक माणूस कमी आहे. चिमटा फक्त त्यांनीच काढला नव्हता.

चिंचेखाली उभं राहून राहून पाय दुखायला लागले. गाऊनवाली बाई बाहेर आली, तिने टॉवेल काढला आणि माझ्याकडे बघून विचारलं, "कोण पाहिजे?"

"कोणी नाही," मी म्हणालो. "इथे राहायचो पूर्वी."

"पत्ता विसरला का?" ती म्हणाली आणि आत गेली.

खडकीहून स्वारगेट, स्वारगेटहून धायरी. बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पिशवी मांडीवर होती. सिंहगड रोडच्या गर्दीत गाडी मुंगीसारखी चालली होती आणि मी मनात वाक्य तयार करत होतो. आई आता पंचाहत्तरीच्या पुढे गेली आहे. गेल्या वर्षापासून तिने तेवढंच धरलं आहे. मटार सोलताना, बातम्या बघताना, मध्येच हात थांबवून म्हणते, "मी त्याचं काही ठेवलं नाही बघ. एक रुमालसुद्धा नाही." भिंतीवर त्याचा फोटो आहे, शाळेच्या गटातून कापून मोठा केलेला. त्यातही शर्ट माझाच आहे. तिला त्याचं काहीतरी हवं होतं, जाण्याआधी हातात धरायला. आणि माझ्याकडे जे होतं ते त्याचं नव्हतं. मी ठरवलं, खोटं बोलायचं. सांगायचं की हा त्याच्यासाठीच विणला होतास. म्हातारपणी तेवढं चालतं. आणि निदान एक स्वेटर तरी त्याच्या नावावर होईल.

आई बाल्कनीत खुर्चीत बसली होती. चष्मा गळ्यात, दोरीला.

"अस्लमकडे गेलो होतो," मी म्हणालो. "हे दिलं त्याने. मिलिंदचा स्वेटर."

तिने पिशवी घेतली. स्वेटर बाहेर काढला. मला वाटलं, आता छातीशी धरेल, वास घेईल. तिने तो उलटा केला. आतल्या शिवणीवरून बोट फिरवलं, गळ्यापाशी आली, त्या चुकलेल्या टाक्यावर थांबली. मग चष्मा लावून पुन्हा बघितलं.

"हा तुझा आहे," ती म्हणाली.

"नाही गं. त्याचाच. तू त्याच्यासाठी विणलास. तो दहावीला गेला तेव्हा."

"मी विणला, आणि मला माहीत नाही."

"विसरतेस तू हल्ली."

"औषध विसरते. विणलेलं नाही विसरत." तिने माझ्याकडे बघितलं. "तू लोकलच्या दारात उभा राहायचास म्हणून विणला. पांढरी लोकर कमी पडली म्हणून एकच पट्टा आला."

"मला विकतचा होता. राखाडी."

"तो नंतरचा." ती म्हणाली, "एवढा शिकलास दादा तू, पण साधं खोटं बोलता येत नाही तुला."

घरात मला सगळे दादाच म्हणतात, आईसुद्धा. ते नाव मिलिंदने पाडलेलं. मी समोरच्या स्टुलावर बसलो.

"मग काय करू?" मी म्हणालो. "तुला त्याचं काहीतरी पाहिजे, आणि त्याचं काहीच नव्हतं. सगळं माझं होतं. फोटोत आहे तो शर्टसुद्धा माझा आहे. लाज वाटते मला, आई."

इतक्या वर्षांत हे मी पहिल्यांदा मोठ्याने बोललो. मला वाटलं, ती म्हणेल, नाही रे, असं नसतं. आया म्हणतात तसं. तिने स्वेटरची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"होतंच तसं," ती म्हणाली. "दोघांना पुरेल इतकं नव्हतं. अर्धं अर्धं केलं असतं तर तुम्ही दोघंही कारखान्यात गेला असता. अण्णा म्हणाले, एकाला पुरतं देऊ. मी हो म्हटलं. तुला कुणी विचारलं होतं का?"

"नाही."

"त्याला विचारलं होतं?"

मी नुसती मान हलवली.

"त्यालाही नाही. मग ती लाज आमची झाली. अण्णा गेले, आता माझी एकटीची. तीही तूच घेणार का?"

खाली रस्त्यावर भाजीवाल्याचा कर्णा तेच तेच ओरडत होता. आई बराच वेळ त्या पांढऱ्या पट्ट्यावर नख घासत राहिली. मग म्हणाली, "त्याला कबूल केलं होतं मी. पुढच्या हिवाळ्यात तुझाच विणते, पहिल्यापासून तुझा. तो म्हणाला, बाही लांब कर, मी अजून वाढणार आहे." तिने हात पुढे केला. "कात्री आण. शिवणकामाच्या डब्यातली. आणि स्टूल जवळ घे."

"कशाला?"

"उसवायचा आहे."

मी कात्री आणून दिली. तिने बाजूच्या शिवणी कापल्या, काही घाई न करता, मासळी साफ करावी तशा सफाईने. बाह्या वेगळ्या झाल्या. गळ्यापाशी तिने टोक शोधलं, ओढलं, आणि ओळ सुटायला लागली. दर टाक्याला बारीक टिक असा आवाज येत होता. लोकर बाहेर येत होती ती कुरळी, इतकी वर्षं एकाच घडीत झोपल्यासारखी.

"अगं, पण घालणार कोण?" मी विचारलं.

"कोणी नाही. त्याचा आहे तो. कुणी कशाला घालेल?" ती म्हणाली. "हात पुढे कर. दोन्ही. अंगठे वर."

मी हात पुढे केले. ती उसवलेली लोकर माझ्या दोन हातांभोवती फिरवू लागली. एक वेढा, दुसरा वेढा. थोड्याच वेळात माझे हात एकमेकांजवळ यायला लागले.

"जवळ घेऊ नको, सैल पडते. ताण," ती म्हणाली. "कधी धरली नाहीस ना, म्हणून. लडी तोच धरायचा. ही विणली तेव्हाही त्यानेच धरली होती. तासन्‌तास बसायचा, तोंड चालू."

"मी कुठे होतो?"

"तिथेच होतास. अभ्यास करत होतास."

मी आठवून बघितलं. ती दीड खोली, खोक्यावरची फळी, समोरची भिंत, भिंतीवरचा ओलीचा डाग. तो डाग मला आजही काढून दाखवता येईल. माझ्या पाठीमागे आई बसली असेल, आणि तिच्यासमोर तो, असेच हात पुढे करून. माझ्या स्वेटरची लोकर हातांवर घेऊन, मला ऐकू जाऊ नये म्हणून हळू आवाजात तिला काहीतरी सांगत. मी एकदाही मागे वळून बघितलं नव्हतं.

लोकर तुटली. आईने दोन टोकं चष्म्याजवळ धरली, गाठ मारली, दाताने टोक तोडलं.

"बाह्या आधी विणते," ती म्हणाली. "लांब."

माझं नाक वाहत होतं. दोन्ही हात लोकरीत अडकलेले, पुसायला काही मोकळं नव्हतं, आणि तोंड लपवायलाही. आईने वर बघितलं, माझा चेहरा बघितला, आणि पुढचा वेढा घातला.